प्रभू सांभाळील, निघ

"टेम्पो मी चालवत होतो का, बाबा?"

कसोटेबाबा अंगणात मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

एलिया ओहोळ उभाच राहिला. तालुक्याच्या ख्रिस्ती मंडळीचा हा तरुण पाळक. त्याच्या उपदेशाला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चुळबुळ करायची नाहीत. त्याला घडवलं ते कसोटेबाबांनी. आता ते पाळकपदावरून निवृत्त होऊन गावी राहत होते.

परवा संमेलनाहून परतताना मंडळीचा टेम्पो घाटात उलटला. गायनात पुढे उभ्या राहणाऱ्या रूथबाईंचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. टेम्पो चालवणारा तीमथ्य पोलिसांच्या कोठडीत होता. त्याला मंडळीतून काढल्याचं रविवारी सर्वांसमोर जाहीर करायचं, असं मंडळीच्या पंचांनी ठरवलं होतं. जाहीर करणार होता एलिया.

"निष्काळजीपणा त्याचा आहे. पोलिसही तेच म्हणतात."

"निघताना तो तुला काही बोलला होता?"

एलियाने नजर वळवली.

"बोलला होता... ब्रेक नीट लागत नाहीत म्हणाला. गॅरेजला दाखवून निघू म्हणाला."

"मग?"

"अंधार पडत होता. बायामाणसं थकली होती."

"तू काय म्हणालास ते विचारतोय."

"मी म्हणालो... प्रभू सांभाळील, निघ."

मेथीच्या काड्या मोडायच्या थांबल्या.

"त्याला नाही म्हणता येत नव्हतं का?" एलियाचा आवाज चढला. "त्याला तोंड नव्हतं?"

"तू देवाचं नाव घेतल्यावर?"

बाबा उठले. आत जाऊन कोट चढवून आले, काठी घेतली आणि फाटकाकडे निघाले.

"कुठे निघालात?"

"तीमथ्यच्या आईकडे. माफी मागायला."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर तिथे नव्हतातच."

"तुला पाळक केलं तेव्हा तुझ्या डोक्यावर हात माझा होता."

एलिया फाटकात आडवा उभा राहिला. त्याला या म्हाताऱ्याचा राग आला होता, आणि हा म्हातारा आपल्यासाठी कुणापुढे हात जोडणार, हे तर त्याला मुळीच सोसत नव्हतं.

"तुम्ही जायचं नाही," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग परत येऊन मेथी पुढे ओढली.

रविवारी मंडळीचं देऊळ गच्च भरलं होतं. एलिया उपदेशाला उभा राहिला, पण त्याने पवित्र शास्त्र उघडलं नाही.

"तीमथ्यने मला सांगितलं होतं की ब्रेक नीट नाहीत. तरी मी त्याला निघायला लावलं. रूथबाईंचा पाय माझ्यामुळे गेला."

सचिव साठे पहिल्या बाकावरून उठले.

"पाळकसाहेब, खाली बसा. हे प्रार्थनेत देवाला सांगा."

"देवाला माहीत आहे. तीमथ्यच्या आईला माहीत नाही."

"मंडळीचं नाव जाईल."

"तीमथ्यचं गेलं तेव्हा तुम्ही उठला नाहीत, साठे. मीही उठलो नाही."

"बसा म्हणतो ना मी."

"नाही बसत."

डाव्या बाजूच्या बाकावर एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती. ती तीमथ्यची आई. एलिया खाली उतरला, तिच्यापुढे गेला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. तिने तोंड फिरवलं. तो तरीही तिथून हलला नाही.

उपासना संपल्यावर बाबा मागच्या खोलीत आले तेव्हा एलिया पांढऱ्या झग्याची बटणं सोडत होता.

"राजीनामा देतोय, बाबा. जे माझं होतं ते सगळ्यांसमोर पदरात घेतलं. आता साठे काय करतील ते करोत. मी मोकळा झालो."

बाबा जवळ आले. एकेक बटण त्यांनी पुन्हा लावलं, अगदी गळ्यापर्यंत.

"अंगावर राहू दे," ते म्हणाले. "तीमथ्य अजून कोठडीतच आहे. चौकीत जबाब द्यायला बराच वेळ बसावं लागतं."