खाडीच्या तोंडची पांढरी भिंत

समुद्रकाठच्या एका गावात धाकू नावाचा गवंडी राहत होता. हाताला त्याच्या मोठा गुण. शहरातल्या एका शेठने त्याच्याकडून किनाऱ्यावर सुट्टीत राहायची घरं बांधून घेतली. अट एकच, घरं किनाऱ्यात मिसळून गेली पाहिजेत. धाकूने जांभा दगड वापरला, एकही माड तोडला नाही, छप्पर माडांच्या वर जाऊ दिलं नाही, भिंतींना तांबड्या मातीचा रंग दिला. समुद्रातून पाहिलं तर तिथे घरं आहेत हे कळतसुद्धा नसे. शेठ त्याला चारचौघांत ‘कलावंत’ म्हणू लागले. तेवढ्यानेच धाकू हुरळून गेला.

एक दिवस शेठ म्हणाले, “सगळं छान जमलंय. ती पांढरी भिंत तेवढी डोळ्यांत खुपते.”

ती भिंत धाकूच्याच घराची होती. खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या घरात तो आणि त्याचा थोरला भाऊ जनू एकत्र राहत. जनू मासेमारी करी. दर नारळी पौर्णिमेला, होड्या पाण्यात लोटण्याआधी, समुद्राकडच्या त्या भिंतीला शिंपल्यांचा चुना लावायचा, अशी गावाची रीत होती. खाडीच्या तोंडाला दोन्हीकडे खडक. पांढरी भिंत नाकासमोर धरून होडी आत घ्यायची, हे गावातलं पोरही जाणत होतं.

जनू समुद्रावर गेलेला असतानाच धाकूने तांबडा रंग कालवला. जनूची बायको धावत बाहेर आली.

“भावोजी, ते परत येयपर्यंत तरी ऱ्हवांदे.”

“दादाक खाडी पाठ आसा, वैनी. शेठ उद्या पाव्हण्यांका घेवन येतले.”

आपण खोटं बोलतोय, भिंत दिसल्याशिवाय दादालाही खडक चुकवता येत नाहीत, हे धाकूला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आभाळ दाटून आलं, वारा सुटला. वहिनी कंदील घेऊन अंगणात उभी राहिली, पण वाऱ्यात तो टिकेना. तिकडे शेठचे पाहुणे ओसरीवर चहा घेत किनाऱ्याचं कौतुक करत होते. जनूची होडी खडकावर आपटली तेव्हा त्यांना काही ऐकूही आलं नाही.

सकाळी जनूचं प्रेत किनाऱ्याला लागलं. शेठ हळहळले. मग फुटक्या फळ्या लवकर उचलायला सांगून ते पाहुण्यांबरोबर नाश्त्याला बसले.

धाकू चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी गेला. वहिनी तिथेच बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“भावोजी, काम चांगला झाला,” ती म्हणाली. “तेंका पण घर दिसाक नाय.”

तात्पर्य: पाहुण्याच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून आपल्या माणसांची खूण पुसू नये. पाहुणा चार दिवसांनी जातोच, आपलं माणूस मात्र कायमचं जातं.