धुरपदाचं खुराडं

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी पंचवीस-तीस घरं होती. त्यातल्या एका घरात धुरपदा नावाची बाई राहत होती. बाई कष्टाळू, हाताने सढळ, पण भारी तापट. एकदा डोक्यात राग शिरला, की तो उतरायला आठवडासुद्धा पुरत नसे.

तिच्याकडे पंधरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. सकाळी खुराड्याचं दार उघडलं, की सगळ्या परसात आणि उकिरड्यावर पांगत. दिवसभर माती उकरत, किडे टिपत, राखेत लोळत आणि दिवस मावळताना आपल्या पायांनी परत येत. खुराडं होतं ते रात्रीपुरतं, कोल्ह्यापासून जीव वाचवायला. एक माणूस आडवा होईल एवढी लांबी आणि गुडघाभर उंची.

धुरपदाच्या परसाला लागून तिच्या थोरल्या जावेचं परस होतं. मध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण होतं आणि त्याला एका जागी खिंडार पडलं होतं. एके दिवशी कोंबड्या त्या खिंडारातून पलीकडे गेल्या आणि त्यांनी जावेच्या मिरचीच्या रोपांचा वाफा उकरून टाकला. जाऊ उपटलेली रोपं मुठीत घेऊन दारात आली. पाण्याला निघालेल्या चार बायका तिथे उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "सांभाळता येत नसतील तर कापून खा एकदाच्या."

धुरपदाच्या कानशिलांत रक्त चढलं. चुकलं असं म्हणायचं तिच्या मनात आलं होतं, पण चार बायका ऐकत होत्या. ती म्हणाली, "माझ्या कोंबडीचं एक पीससुद्धा यापुढे तुझ्या परसात दिसणार नाही."

आणि तिने सगळ्या कोंबड्या गोळा करून खुराड्यात घातल्या. दाराला बाहेरून आडणा लावला. त्या दिवसापासून तो दिवसाही लागलेलाच राहिला. दिवसातून दोन वेळा दार किलकिलं करून ती एक मातीची परळ आत सरकवी. त्यात कण्या असत, सोबत एका वाटीत पाणी, बाकी काही नाही. आपण बोललो ते पाळतो आहोत याचं तिला समाधान वाटे. पलीकडे जाऊ दिसली, की ती मुद्दाम पाठ फिरवी.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ठिपक्यांच्या कोंबडीच्या शेपटीची पिसं गळालेली दिसली. धुरपदाला वाटलं, पिसवा झाल्या असतील. तिने राख चोळली. दुसऱ्या दिवशी कोंबडीची पाठ उघडी पडली, कातडी लाल झाली. धुरपदा दाराच्या फटीला डोळा लावून बसली, तेव्हा तिला दिसलं. तांबडी कोंबडी मागून आली, ठिपक्यांच्या कोंबडीच्या पाठीवरचं एक पीस तिने चोचीत धरलं, झटका देऊन उपटलं आणि गिळून टाकलं.

धुरपदा संतापली. आपण खायला घालतो, राखण करतो, आणि ही अवदसा घरच्याच कोंबडीला खाते? तिने तांबडीला पायाला धरून बाहेर ओढलं. चुलीत उलथनं तापवलं आणि तांबडीच्या चोचीचं टोक जाळलं. कोंबडी ओरडली नाही. फक्त तिचे पाय हवेत थरथरत राहिले. धुरपदाने तिला परत आत टाकलं.

पुढचे दोन दिवस तांबडीला कणी उचलता आली नाही. तिसऱ्या दिवशी काळी कोंबडी पिसं उपटू लागली.

धुरपदाने काळी कापली. नवरा जेवायला बसला, त्याने ताटाकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, की दिवसा त्यांना बाहेर सोडायला हवं, खिंडार आपण बुजवून टाकू. धुरपदाने भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "आत्ता सोडल्या तर जाऊ जिंकली." नवऱ्याला बायकोचा राग ठाऊक होता. तो जेवून उठला.

काळी गेली तरी उपटणं थांबलं नाही. आता एकीऐवजी तिघी-चौघी चोचा मारत होत्या. जिथे रक्ताचा ठिपका दिसे तिथे सगळ्या धावत. धुरपदा काठी घेऊन खुराड्यावर बडवी, आतल्या आत त्या एकमेकींच्या अंगावर पडत, आणि काठी थांबली की पुन्हा सुरू होत. तिने एकीचे पाय बांधले, एकीला उलटं टांगलं. रोज नवी गुन्हेगार सापडे आणि रोज धुरपदाचा राग वाढे. कोंबड्यांची जातच नीच, असं ती येईल-जाईल त्याला सांगू लागली.

या कोंबड्यांत एक पांढरी होती. धुरपदा शेवटची माहेरी गेली तेव्हा तिच्या आईने ते पिलू तिच्या ओटीत घातलं होतं. पुढल्या महिन्यात आई गेली. पांढरीला धुरपदा हातावर दाणे ठेवून खाऊ घाली. पण या रागाच्या दिवसांत तिलाही तिने बाहेर काढलं नव्हतं. एकीला काढलं तर पलीकडे दिसेल, आणि मग बोललेला शब्द खोटा ठरेल.

एका दुपारी धुरपदा ओढ्यावरून धुणं धुऊन आली. खुराडं नेहमीपेक्षा शांत होतं. तिने आडणा काढला. पांढरी कोपऱ्यात पडली होती. तिची पाठ कुठून कुठवर होती ते कळत नव्हतं. चार कोंबड्या अजून तिला टोचत होत्या आणि त्यांच्या चोचा लाल होत्या.

धुरपदाने धुण्याचे पिळे तिथेच टाकले, घरातून कोयता आणला आणि खुराड्याच्या दारात बसून एकेकीला बाहेर ओढायला हात घातला. आज एकही शिल्लक ठेवायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

त्याच वेळी सुपं-डाली विकणारा भिवा अंगणात शिरला. हा म्हातारा वर्षातून दोनदा गावात येई आणि धुरपदाच्या ओट्यावर पाणी पिऊन जाई. त्याने कोयता पाहिला, पांढरीला पाहिलं आणि खांद्यावरचा भार खाली ठेवला. काय झालं ते त्याने विचारलं. धुरपदाने एका दमात सगळं सांगितलं. तांबडी, काळी, जावेची मिरची, चार बायका, सगळं. मग म्हणाली, की आता या सगळ्याच खुनी झाल्या आहेत.

भिवाने तिचा हात धरला नाही. तो एवढंच म्हणाला, "काप, बाई. तुझ्या कोंबड्या आहेत. पण आधी आत डोकं घालून बघ."

"मी कशाला घालू?"

"त्यांना घातलंयस ना? मग बघ."

धुरपदा चिडली. पण म्हाताऱ्याच्या आवाजात काहीतरी होतं. तिने गुडघे टेकले आणि मानेपर्यंत आत शिरली.

आत अंधार होता. विष्ठेच्या वाफेने डोळ्यांना पाणी आलं, घसा बंद झाला. जमीन शेणकाल्यासारखी झाली होती, उकरायला बोटभर कोरडी माती नव्हती. मान वळवायला जागा नव्हती. चौदा जीव एकमेकांच्या अंगाला चिकटून उभे होते आणि ती आत येताच भिंतीशी दबले. डोळ्यांसमोर पाहायला काही नव्हतं, दुसरीची पाठ सोडून.

धुरपदा बाहेर आली ती खोकत. भिवा म्हणाला, "कोंबडी दिवसभर उकरते, टोचते. ते तिचं काम आहे. माती काढून घेतलीस, किडा काढून घेतलास, नुसत्या कण्या घातल्यास. मग ती टोचणार काय? हिला कुणी मारलं ते मला विचारू नकोस. दार कुणी लावलं ते बघ."

धुरपदाला त्याचा इतका राग आला, की तिने त्याला चालता हो म्हणून सांगितलं. म्हातारा भार उचलून गेला. पाणीही प्यायला नाही.

ती कितीतरी वेळ तिथेच बसली. राग होताच, पण तो ठेवायला आता जागा सापडत नव्हती. तांबडीवर ठेवावा, तर तिची जळकी चोच समोर होती. जावेवर ठेवावा, तर जावेने आडणा लावला नव्हता.

मग ती उठली. दार सताड उघडलं. कोंबड्या लगेच बाहेर आल्याच नाहीत, उंबऱ्याशी थबकल्या. ज्यांना जखमा होत्या त्यांना तिने वेगळ्या डालग्याखाली ठेवलं आणि हळद-तेल लावलं. खुराडं खरवडून काढलं, आत वाळका पाला पसरला. एका परळीच्या तीन परळी केल्या, कारण एकाच परळीभोवती जागेसाठी भांडणाऱ्या कोंबड्या आता तिला दिसू लागल्या होत्या. बांधावरून वाळवीचं ढेकूळ फोडून आणलं, माठाच्या भाजीची जुडी दोरीने टांगली. तिन्हीसांजेपर्यंत कोंबड्या उकिरड्यावर उकरत होत्या आणि एकीनेही दुसरीच्या पाठीला चोच लावली नाही.

दुसऱ्या दिवशी ती जावेच्या दारात गेली. गोड बोलणं तिला जमत नव्हतं. ती म्हणाली, की तुझी रोपं माझ्या कोंबड्यांनी उपटली, मी नवी लावून देते. पण चार बायकांत मला बोललीस ते मला लागलं. मग जावेने सांगितलं, की कोंबड्या कोंडल्याचं तिला ठाऊक होतं, आणि आपण बोललो त्याची तिला लाज वाटत होती. दोघींनी मिळून बोरीच्या काट्या आणल्या आणि खिंडार बुजवलं. त्याला अर्धी सकाळसुद्धा लागली नाही. काम संपल्यावर धुरपदा काटेरी कुंपणाकडे पाहत उभी राहिली आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा कामासाठी तिने काळी कापली होती आणि पांढरी गमावली होती.

दोन महिन्यांत कोंबड्यांच्या पाठी पिसांनी भरल्या. तांबडीची चोच मात्र भरून आली नाही. तिला दाणा टिपता येईना, म्हणून धुरपदा रोज पीठ कालवून तिला आपल्या हाताने भरवी. तांबडी खाई, पण धुरपदाचा हात जवळ आला की दर वेळी आधी मागे सरके. ती जगली तोवर सरकत राहिली.

धुरपदा काही शांत झाली नाही. तापट होती ती तापटच राहिली. फरक इतकाच, की पुढे गावात कुणी आपली कोंबडी खुनी निघाली म्हणून सुरी घेऊन निघालं, की धुरपदा वाटेत आडवी उभी राही आणि आधी खुराडं दाखवायला लावी.

तात्पर्य : एकावरचा राग दुसऱ्याला कोंडून काढू नये; कोंडलेले जीव एकमेकांना फाडतात, आणि त्याचं पाप दार लावणाऱ्याच्या माथी असतं.