बोटभर उसनी जागा

सन १९६०चा पौष होता. नागपूरच्या थंडीने मुंबईहून आणलेला नवा रूळ आखडला आणि उबेसाठी सरकत, मधली फट बुजवून शेजारच्या म्हाताऱ्या रुळाला चिकटला.

"जागा उसनी देतो बे. वैशाखात परत कर," म्हातारा म्हणाला.

"आजोबा, आमच्या मुंबईत पौष काय नि वैशाख काय, अंगाला फारसा फरक पडत नाही."

वैशाखात दोघे तापून लांबले. म्हातारा वाकू लागला. तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू आली.

"काऊन बे, आता तरी पडला का फरक? सरक, नाहीतर गाडी पडते."

नव्या रुळाला हलता येईना. तो जीव खाऊन करकरला. आवाज ऐकून रूळ तपासत फिरणारा चावीवाला धावला. त्याने लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली आणि घण उचलला. नवा रूळ घाव सोसत मागे सरला. म्हाताऱ्याची बोटभर जागा त्याला परत मिळाली.