हरण्याचा शकुन

एका तालुक्याच्या गावी एक बुद्धिबळ मंडळ होतं. बुद्धिबळ मंडळ म्हटलं की तिथे बुद्धी असणारच, असं आपण धरून चालतो. धरून चालायला काही हरकत नाही.

मंडळ भरायचं वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या लांबलचक टेबलावर. दरवर्षी जिल्ह्यातल्या आठ गावांचे संघ रविवारी रविवारी एकमेकांशी खेळत. एका संघात चार खेळाडू, म्हणून चार पट. जिंकलेल्या डावाला एक गुण, बरोबरीला अर्धा. चार पटांची बेरीज ज्याची जास्त, सामना त्याचा. आणि सगळे सामने संपल्यावर जो संघ वर राहील, त्याच्याकडे वर्षभर फिरती ढाल. ही ढाल बाकीची सातही गावं फिरून आली होती. या गावचा रस्ता मात्र तिला अकरा वर्षांत सापडला नव्हता.

मंडळात शिवराम तांबट नावाचा एक गृहस्थ होता. बाजारपेठेत त्याचं वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान होतं. माणूस सरळ, बोलायला कमी, आणि पटावर बसला की समोरचा चहा हमखास गार करणारा. खेळायचा चांगला. त्याच्या मनात एकच इच्छा होती. ढाल गावात यावी, आणि ती आपल्या डावाने यावी. ही इच्छा त्याने फक्त बायकोला सांगितली होती. ती म्हणाली होती, "येईल हो. आधी ते दळण आणा."

संघाचे कप्तान होते उपासनी मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण हजेरी घेण्याची सवय निवृत्त झाली नव्हती. प्रत्येक सामन्याची नोंद ते एका जाड वहीत करत. कोण जिंकलं, कोण हरलं, पंखा किती वाजता बंद पडला, सगळं. तिसरे मुथाशेठ. त्यांचं औषधांचं दुकान होतं, पण शिंक आली की ते गोळी घेण्याआधी पंचांग बघत. चौथ्या खेळाडू वैजयंताबाई. त्या बँकेत बदलून आल्या होत्या आणि यंदाच मंडळात दाखल झाल्या होत्या.

पहिल्या सामन्याच्या दिवशी शिवरामची दाढ ठणकत होती. एका हाताने गाल धरून त्याने दुसऱ्या हाताने वजीर घालवला आणि डाव हरला. पण वैजयंताबाई जिंकल्या, मास्तर जिंकले, मुथाशेठनी बरोबरी केली. सामना जिंकला! एवढ्या वर्षांनी पहिलाच सामना जिंकून हंगाम सुरू झाला. परतीच्या जीपमध्ये सगळे गात होते. शिवराम तेवढा गाल धरून बसला होता.

दुसऱ्या सामन्यात त्याची दाढ बरी होती. तो झकास खेळला आणि जिंकला. संघ मात्र सपाटून हरला. त्या रविवारी वैजयंताबाई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. त्यांच्या जागी मास्तरांनी आपल्या मेहुण्यांना बसवलं होतं. मेहुण्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढं माहीत होतं. कुठल्या दिशेने, याबद्दल त्यांची मतं बदलत असत.

तिसऱ्या सामन्यात शिवरामसमोर खरोखरच तगडा गडी आला. शिवराम हरला. वैजयंताबाई परत आल्या होत्या. संघ जिंकला.

सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी वही उघडली. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "शेठ, इकडे या. हे बघा. शिवराम हरला, आपण जिंकलो. शिवराम जिंकला, आपण हरलो. शिवराम हरला, आपण जिंकलो."

मुथाशेठच्या अंगावर काटा आला. "मास्तर, हा साधा योग नाही. हा शकुन आहे."

वैजयंताबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शकुन कसला? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच."

"बाई, तुम्ही नव्या आहात," मास्तर म्हणाले.

यंदा मंडळात एक नवी खेळाडू आली आहे आणि ती बसली तो प्रत्येक डाव जिंकली आहे, ही गोष्टसुद्धा त्याच वहीत लिहिलेली होती. पण तिच्यावर बोट फिरवावं असं कोणालाही वाटलं नाही.

शिवरामला मुद्दाम हर असं कोणी म्हणालं नाही. मंडळात सभ्य माणसं होती. मास्तर फक्त म्हणाले, "शिवराम, जिंकण्याचा फार हट्ट धरू नकोस बाबा. संघाकडे बघ." शिवरामला ते ऐकून लाज वाटली. रात्री त्याला जेवण गेलं नाही. पण चौथ्या सामन्यात मन पटावर लागेना, तो हरला आणि संघ जिंकला. तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. येताना जीपमध्ये त्याला पुढची जागा मिळाली. याआधी तो कायम मागे, स्टेपनीवर बसून यायचा.

पाचव्या सामन्यात तो हरला, तेव्हा मुथाशेठनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. सहाव्यात हरला, तेव्हा पेठेत माणसं थांबून विचारू लागली, "काय शिवरामभाऊ, हरलात ना?" आणि तो मान तुकवून म्हणायचा, "तुमच्या आशीर्वादाने."

मानाची चव वाईट असते हो. एकदा लागली की तो कशाबद्दल मिळतोय हे माणूस विचारत नाही. शिवरामला आता हरायला आवडू लागलं. जिंकायला चार-चार तास डोकं शिणवावं लागतं. हरायला काय लागतं? एखादा हत्ती उघड्यावर सोडावा आणि खिडकीतून बाहेर बघत बसावं. मास्तरांनी त्याला संध्याकाळच्या सरावातूनही मोकळं केलं. "तुला कशाला सराव?" ते म्हणाले. हे त्याला कौतुकच वाटलं.

त्याच वेळात वैजयंताबाई मास्तरांना आणि मुथाशेठना रोज दोन-दोन तास डाव शिकवत होत्या. चुकले की फटकारत होत्या. मास्तरांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी बाकावर उभं करील की काय अशी भीती वाटत होती. दोघांचाही खेळ सुधारला. संघ का जिंकतोय, तर हा असा जिंकत होता. श्रेय मात्र रोज शाल पांघरून पेठेतून फिरत होतं.

शेवटचा सामना सोनवडच्या संघाशी होता. सोनवडकर अर्ध्या गुणाने पुढे होते. सामना जिंकला तर ढाल आपली, बरोबरी झाली तरी ढाल त्यांची. सोनवडच्या शाळेत चार पट मांडले गेले. निम्मं गाव बघायला लोटलं. आपल्या गावाहूनही दोन टेंपो भरून माणसं आली.

शिवरामसमोर विसूनाना बसले होते. वय पंचाहत्तर, धोतर, पांढरी टोपी. सोनवडच्या संघातले सर्वांत जुने गडी. शिवरामने नमस्कार केला आणि सवयीप्रमाणे अर्ध्या तासात एक हत्ती उघड्यावर सोडून दिला.

तासाभराने निकाल येऊ लागले. वैजयंताबाई जिंकल्या. मुथाशेठची बरोबरी झाली. मास्तर हरले. फळ्यावर पंचांनी लिहिलं, दीड आणि दीड. आता एकच पट उरला. सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली.

वैजयंताबाईंनी मास्तरांना बाहीला धरून व्हरांड्यात ओढलं. "मास्तर, दीड-दीड झालंय. शिवरामभाऊ जिंकले तर ढाल आपली. हरले तर गेली. त्यांना एवढंच खुणेने सांगा, नीट खेळा म्हणून."

"बाई, बेरीज मलाही येते. पस्तीस वर्षं शिकवली आहे."

"मग?"

"पण अनुभव म्हणून काही असतो की नाही? सहा सामने झाले. पाच वेळा तो हरला, पाचही वेळा आपण जिंकलो. एकदा जिंकला, तेव्हा आपण हरलो. सहापैकी सहा! तुमची बेरीज मोठी की हा पुरावा मोठा?"

बाईंनी कपाळावर हात मारला.

इकडे पटावर भलतंच घडलं होतं. शिवरामने सोडलेला हत्ती मारण्याच्या भरात नानांनी आपला उंट हलवला आणि शिवरामच्या एका प्याद्याची वाट मोकळी झाली. ते प्यादं सरकत सरकत शेवटून दुसऱ्या घरात पोचलं. पुढचं घर रिकामं. एक पाऊल, की त्या प्याद्याचा वजीर. आणि तो वजीर उभा राहिला की नानांचा राजा कोपऱ्यात कोंडून मेलाच.

शिवरामला हे दिसलं. न दिसायला काय झालं? त्याच्या डोळ्यांना कुठे काही झालं होतं? ढाल गावात येणार होती, आणि त्याच्या डावाने येणार होती. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका बोटाच्या अंतरावर होतं.

त्याने मान वर केली. फळ्यावर दीड आणि दीड. हेही त्याला कळत होतं. खिडकीबाहेरून वैजयंताबाई मूठ वळून पुढे ढकला, पुढे ढकला अशी खूण करत होत्या. आणि नानांच्या मागे मास्तर उभे होते. बोलायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले होते. त्यांच्या शेजारी मुथाशेठ डोळे मिटून पुटपुटत होते. दोन टेंपोंतून आलेली माणसं शिवरामकडे श्रद्धेने बघत होती. इतक्या श्रद्धेने त्याच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच्या मनात आलं, मी जिंकलो आणि तरीही काही विपरीत झालं तर? दोष कोणाला? मला. आणि हरलो तर दोष कोणाला? कोणालाच नाही. हरलो म्हणून आजवर मला कोणी बोललंय का?

त्याचा हात प्याद्यावर गेला, पण टेकला नाही. तो तसाच बाजूला वळला. शिवरामने राजा एक घर डावीकडे सरकवला आणि घड्याळ दाबलं.

नानांनी आधी पटाकडे बघितलं, मग शिवरामकडे. मग हत्ती उचलून ते प्यादं मारलं. पुढे खेळण्यासारखं फारसं उरलंच नाही. दहाएक खेळी झाल्यावर शिवरामने डाव सोडला आणि हात पुढे केला.

मास्तरांनी त्याला कडकडून मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास, शिवराम! हरलास! लाज राखलीस!" आपल्या गावच्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टेंपोवाल्याने बाहेर फटाक्यांची माळ लावली. सोनवडकरही टाळ्या वाजवत होते, त्यामुळे काही वेळ कोणालाच काही खटकलं नाही.

मग पंचांनी फळ्यावर लिहिलं. सोनवड अडीच, पाहुणे दीड. ढाल सोनवडला.

मास्तर पुढे झाले. "पंच, बेरीज पुन्हा करा."

पंचांनी पुन्हा केली. तेवढीच आली.

"असं कसं होईल?" मुथाशेठ कळवळून म्हणाले. "कुठेतरी घोळ आहे. शिवरामभाऊ हरलेत! मी स्वतः बघितलंय!"

वैजयंताबाईंनी आपली पिशवी उचलली आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. पुढच्या जागेवर.

विसूनाना अजून पटासमोरच होते. त्यांनी मोहरे परत मांडले, प्यादं शेवटून दुसऱ्या घरात ठेवलं आणि शिवरामला जवळ बोलावलं.

"तांबट, एक विचारू का? हे प्यादं एक घर पुढे ढकललं असतंत तर डाव तुमचा होता. दिसलं नाही का?"

"दिसलं होतं."

"मग ढकललं का नाहीत?"

शिवराम खाली मान घालून पुटपुटला, "आमच्या संघाला जिंकायचं होतं."

नानांना थोडं कमी ऐकू यायचं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा."

खोलीतली सगळी माणसं आता कान देऊन ऐकत होती. शिवरामला तेच वाक्य पुन्हा, चांगलं खणखणीत आवाजात सांगावं लागलं. त्या वेळी मात्र ते त्याने स्वतःही ऐकलं.

तात्पर्य: दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, आणि ज्याला हरण्याबद्दल मान मिळू लागतो, तो हातातला डावसुद्धा सोडून देतो.