काजळगडावरची भाऊबीज

एका राज्यात, जिथे एका अंगाला समुद्र होता, एका अंगाला रान होते आणि मध्ये काळ्या मातीचे पठार होते, रणधवल नावाचा तरुण राजा राज्य करीत असे. राजा शूर होता, दिलदार होता; फक्त कुणाचे ऐकून घेणे त्याला ठाऊक नव्हते.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून परतताना त्याचा घोडा काजळगडाखाली अडला. तिथे एक गुहा होती आणि गुहेत दागिन्यांची रास होती. पाटल्या, गोठ, तोडे, वाकी, चंद्रहार. गुहेच्या तोंडाशी तांबड्या पंखांचा भारद्वाज बसला होता.

"राजा, हात लावू नकोस," पक्षी म्हणाला. "याला धनी आहे."

"धनी दिसत तर नाही," राजा म्हणाला, आणि गोण्या भरून सोने घेऊन आला.

राजवाड्यात आपट्याची पाने वाटणे चालू होते. राजाने पहिले पान हातात घेतले, आणि त्या पानाचा कोळसा झाला. मागोमाग बोटे काळी पडली, काळी पडून दगड झाली. तेवढ्यात छतातून काजळी झडली आणि आवाज आला, "मी कज्जलनाथ. ज्या हाताने नेलेस तो हात दगड होईल, आणि दगड काळजापर्यंत चढेल. तुझ्या राज्यात दिवा लागणार नाही."

तसेच झाले. चुली पेटत, पण वात काही केल्या पेट घेईना. देव अंधारात राहिले.

दिवाळी तोंडावर आली तशी राजाची थोरली बहीण रेणुमती माहेरी आली. ती परराज्यातल्या सरदाराच्या घरी दिली होती. भावाच्या अंगावरची शाल तिने बाजूला केली. दगड खांद्यापर्यंत आला होता. राजाने तिला भारद्वाजापासून सगळे सांगितले.

"ताई, वैद्य झाले, मांत्रिक झाले," राजा म्हणाला. "आता तू नुसती जवळ बस."

"बसायला वेळ कुठे आहे?" रेणुमती म्हणाली, आणि काजळगडाच्या वाटेला लागली.

वाटेत तोच भारद्वाज भेटला. ती म्हणाली, "पक्षीराज, भावाने तुमचे ऐकले नाही. मी ऐकायला आले आहे."

पक्षी म्हणाला, "कज्जलनाथाचे सगळे अंग काजळीचे आहे. ज्योत लागली की तो भुरकन जळेल, आणि शापही जळेल. पण या राज्यात एकच दिवा पेटू शकतो. त्याची माती रानातल्या वाघाच्या पंजाखालची हवी, तेल समुद्रकाठचे हवे, वात बळीराजाने उकललेल्या कापसाची हवी. तो दिवा एकदाच पेटेल. भाऊबीजेला गडावर जा."

रेणुमती आधी रानात गेली. पठारावर त्या दिवशी वसुबारस होती, बायका गाय-वासराची पूजा करीत होत्या. रानात मात्र वाघबारस होती. रानकरी शिवेवरच्या लाकडी वाघाला शेंदूर लावत होते, पुढे तांदळाची खीर ठेवत होते. एका गड्याला पट्टे ओढून वाघ केले होते, आणि सगळे त्याला दटावून विचारत होते, "आमच्या शिवेत येशील का?" तो म्हणत होता, "नाही येणार!"

खरा वाघ थोडा बाजूला, झाडाखाली बसून हे बघत होता. रेणुमतीने खिरीचा द्रोण त्याच्यापुढे ठेवला.

"वाघोबा, पंजाखालची मूठभर माती हवी आहे."

"देईन. पण मला दरसाल नकोच म्हणतात. एकदा कुणीतरी ये म्हणावे."

रेणुमती म्हणाली, "वाघोबा, माझ्या माहेरी या. गाई-वासरांना मात्र भिववू नका."

वाघाने खीर चाटून संपवली आणि पंजा उचलला. त्या मातीची तिने पणती केली, उन्हात वाळवली आणि ओच्यात बांधून घेतली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे ती समुद्रकाठी पोचली. तिथे शेवंताय नावाच्या बाईच्या अंगणात तुळशीपुढे कारीट ठेवले होते. त्या काठावर पहाटे अभ्यंग करतात, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने ते कडू फळ फोडून त्याचा रस जिभेला लावतात. तोवर घरात कुणी गोड खात नाही.

"तेल देईन," शेवंताय म्हणाली. "पण माझ्या वेलीचं कारीट द्वाड आहे, बाय. ज्याचा राग पोटात असेल, त्याचं नाव घेतल्याबगर फुटत नाही."

"कज्जलनाथ," रेणुमती म्हणाली आणि अंगठा दाबला. कारीट फुटले नाही. तिने पुन्हा दाबले. कारीट दगडासारखे राहिले.

शेवंताय म्हणाली, "त्या बापड्याला तू ओळखतेस तरी का? खरं नाव घे."

रेणुमती खालच्या आवाजात म्हणाली, "रणधवल." फट्दिशी कारीट फुटले. तिला एकाएकी रडू आले. "त्याला पक्ष्याने सांगितलं होतं हो! तो कधीच कुणाचं ऐकत नाही!"

"आता रस चाख," शेवंताय म्हणाली. "आणि बस, डोक्याला तेल लावते."

शेवंतायने तिला न्हाऊ घातले, पुढ्यात गोडाचे आणि तिखटाचे पोहे ठेवले, आणि निघताना खोबरेल तेलाची कुपी हातात दिली. लक्ष्मीपूजनाला रेणुमती वाटेतच होती. गावोगाव रांगोळ्या काढलेल्या होत्या, पण दिवा कुठेच नव्हता. लोक उंबऱ्यावर बसून अंधाराकडे बघत होते.

पाडव्याला ती पठारावर पोचली. गुरांची शिंगे रंगवली होती. अंगणात शेणाचा बळी करून त्याला झेंडूची फुले वाहिली होती. खरा बळीराजा कापसाच्या शेताच्या कडेने चालत येत होता, कारण वर्षातून त्या एका दिवशी तो पाताळातून वर येतो. तो ताडाएवढा उंच होता आणि पीक चुरगळू नये म्हणून बांधावरून चालत होता.

"आजचे राज्य माझे आहे," तो म्हणाला. "काय मागतेस?"

"कापसाचे एक बोंड उकलून द्या, महाराज."

"राज्यच माग की."

"ते भावाचे आहे. आणि भाऊ आजारी आहे."

बळीराजा वाकला. नखाने त्याने एक मिटलेले बोंड उकलले आणि कापूस तिच्या हातावर ठेवला. "काजळगडावर जाते आहेस ना? कज्जलनाथाला माझा रामराम सांग. पूर्वी तो पाडव्याला भेटायला यायचा."

रेणुमतीने वात वळली, पण तिचे मन जड झाले.

भाऊबीजेच्या दिवशी उन्हे कलताना ती गडावर चढली. गुहेच्या दारात तिने चकमक झाडली, आणि इतक्या दिवसांत त्या राज्यात पहिला दिवा पेटला. तो घेऊन ती आत गेली.

कज्जलनाथ पाटावर बसला होता. पाटाभोवती रांगोळी होती, वेडीवाकडी, ज्याला कुणी शिकवले नाही त्याने काढावी तशी. डोक्यावर टोपी होती. समोर रिकामे ताट होते.

"ज्योत घेऊन आलीस," तो म्हणाला. "म्हणजे पक्ष्याने सांगितले तर."

"सांगितले. बळीराजाने रामरामही सांगितला आहे." तिने दिवा तसाच धरला. "आपण पाटावर का बसला आहात?"

"आज बीज आहे. माझी बहीण समुद्रापलीकडे दिली होती. पहिल्या दिवाळीला निघाली, आणि तिचे गलबत आलेच नाही. मी दरसाल पाट मांडतो, दरसाल तिच्यासाठी सोन्याचा एक डाग घडवून ठेवतो. कधीतरी आली तर सगळी ओवाळणी एकदम द्यावी म्हणून. तुझा भाऊ गोण्या भरून घेऊन गेला."

रेणुमतीच्या डोळ्यांपुढे त्या पाटल्या आल्या, ते तोडे आले. इकडे तेल सरत होते. तिकडे दगड भावाच्या काळजाजवळ गेला असेल. हात पुढे करायचा अवकाश होता.

तिने हात पुढे केला नाही. कमरेची कुंकवाची करंडी सोडली, आणि कज्जलनाथाच्या कपाळाला कुंकू लावले. बोट काळे झाले, कुंकू मात्र लाल उमटले. तिने अक्षता लावल्या, ज्योत अंगाला लागू न देता त्याला ओवाळले आणि म्हणाली, "दादा, औक्षवंत हो."

कज्जलनाथाने रिकाम्या ताटाकडे पाहिले.

"माझ्यापाशी घालायला काही उरले नाही," तो म्हणाला. "सगळे तुझ्या भावाने नेले."

"मग ओवाळणीत माझा भाऊच घाल."

कज्जलनाथाने आपला उजवा हात गुडघ्यावर पुसला. काजळी झडली, आणि आतून माणसाचा हात निघाला. तो हात त्याने ताटावर पालथा केला.

"घातला," तो म्हणाला.

राजवाड्यात रणधवलाच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला. घरोघर ठेवलेल्या पणत्या आपोआप उजळल्या. समुद्रकाठी, रानात, पठारावर एकाच वेळी उजेड झाला, आणि लोकांनी त्या दिवशी चारही दिवसांची दिवाळी एकदम केली.

दुसऱ्या दिवशी राजा गडावर गेला. पालखी घेतली नाही, हुजरे घेतले नाहीत. गोण्या स्वतःच्या पाठीवर वाहिल्या, आणि सगळ्या वर पोचेपर्यंत खेपा घातल्या. शेवटची गोणी उतरवून तो म्हणाला, "चुकलो."

"बस," कज्जलनाथ म्हणाला. "पाणी पी."

राजा बसला. त्यानंतर तो राज्य करीत राहिला, आणि लोकांचे ऐकूनही घेऊ लागला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी रेणुमतीच्या सासरी, दारात एक बैलगाडी उभी राहिली. गाडीतून एक उंच काळा माणूस उतरला. डोक्याला नवे पागोटे होते, हातात चंद्रहाराची पेटी होती. त्याला बघून गडीमाणसे मागे सरली.

सासूबाई ओसरीवर आल्या. "आपण कोण?"

कज्जलनाथ पेटी या हातातून त्या हातात घेत उभा राहिला.

रेणुमती आत करंज्या लाटत होती. तिथूनच ती म्हणाली, "आत्याबाई, दादा आलाय माझा, मला माहेरी न्यायला. त्याला आत घ्या, मी हात धुऊन आलेच."