बाभळीवरचे तीन दिवस

फार वर्षांमागे एका कोरड्या पाटात उंदरांची बिळं होती. पाटाला पाणी कधी सुटणार, ते काठच्या बाभळीवर सुतारपक्षी कोरून ठेवायचा. एकदा त्याने कोरलं, 'अजून तीन दिवस.'

उंदरीण रोज येता-जाता ते वाचायची आणि निश्चिंत राहायची. चौथ्या दिवशी पाणी आलं. तिने चार पिल्लं कशीबशी वर नेली. पाचवं वाहून गेलं.

"परवा तीन, काल तीन, आजही तीनच?" ती कडाडली.

"कोरलं तेव्हा तीनच होते. माझं काय चुकलं?"

"रोज येऊन आकडा बदलला असतास, तर तुझी चोच झिजली असती का रे?"

तेव्हापासून सुतारपक्षी उरलेल्या दिवसांइतकी पानं काट्यांना टोचतो, रोज सकाळी एक काढतो. शेवटचं काढण्याआधी मात्र बिळात डोकावून येतो.