शिडीच्या पायऱ्या

सयामचा राजपुत्र विसुत ब्रह्मी फौजांशी लढून लढून पार विटला होता. ही त्यांची सहावी स्वारी. नदीतल्या बेटावरच्या राजधानीला चार महिने वेढा पडला होता आणि कोठारात तांदूळ उरला होता जेमतेम आठ दिवसांचा.

त्यातच शत्रूचा वकील थिहा मिशीला पीळ देत दरबारात आला. "राजपुत्र, आता शरण या. आमच्या छावणीत तीन वर्षांचं धान्य आहे. तुमच्याकडे किती उरलंय?"

विसुतने जांभई आवरली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. शहरातलं घरन् घर उंच खांबांवर उभं होतं आणि प्रत्येक खांबावर, माणसाच्या डोक्याच्याही वर, गेल्या पुराच्या गाळाची रेघ वाळली होती.

"वकीलसाहेब, धान्याचं राहू द्या. आमच्या घरांच्या शिड्यांना अकरा पायऱ्या आहेत. तुमच्या तंबूंना किती?"

थिहाने त्या रेघेकडे पाहिलं, मग आपल्या चिखलाने भरलेल्या जोड्यांकडे. येताना नदीचं पाणी काठापर्यंत चढलेलं त्याने पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी छावणी उठली. सरदारांनी विजयाच्या नगाऱ्यांवर टिपऱ्या उचलल्या, तसा विसुत म्हणाला, "नगारे जपून वाजवा रे. पाणी ओसरलं की पुन्हा लागणार आहेत."